माल निकाली काढणे आहे

माझ्या बायकोच्या दुकानासमोर एक चपलांचं दुकान आहे आणि ते गेली अकरा वर्षं बंद होत आहे. म्हणजे तशी पाटी आहे. लाल कापडावर पिवळ्या अक्षरांत 'दुकान बंद! शेवटचे तीन दिवस!' उन्हानं कापड विटलं की चपलावाला नवं कापड आणतो आणि त्यावर पुन्हा तीनच दिवस रंगवून घेतो. त्याचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. सगळा रस्ता त्याला 'शेवटचे तीन दिवस' म्हणूनच ओळखतो. "सुटे नाहीत? थांबा, शेवटच्या तीन दिवसांकडे बघून येते," असं माझी बायकोसुद्धा अगदी सहज म्हणते.

मला या माणसाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच मोठ्या मनाचा समजणार नाही.

हेव्याला कारण आहे. मी चौतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयाच्या निर्लेखन शाखेत काढली. निर्लेखन म्हणजे कार्यालयातल्या मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटं, बंद पडलेल्या गाड्या यांना रीतसर निरुपयोगी ठरवून स्वस्तात विकून टाकणं. त्या विक्रीच्या जाहिराती मी लिहायचो. माझ्या एका जाहिरातीवर एक रस्ता दाबायचं अख्खं इंजिन विकलं गेलं आहे, आणि त्याला चाकं दोनच उरली होती. थोडक्यात, एखादी वस्तू कमी किमतीत लोकांच्या गळ्यात घालायला जे शब्द लागतात, ते माझे शब्द. तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा मी ते बरोबर घरी घेऊन आलो. आणि इथे हा माणूस पाच शब्दांच्या जोरावर रोज दुकान भरवतो. तेही खोट्या पाच शब्दांच्या!

बायकोचं दुकान बटणांचं. बटणं, हुक, चेन, इलास्टिक, दोऱ्याची रिळं, लेस आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत लोकरीचे गुंडे. जागा इतकी की आत दोन माणसं असली तर एकाला बाहेर जायचं असताना दुसऱ्यानंही जावं लागतं. अठरा वर्षं तिनं ते एकटीनं चालवलं. आता जागेच्या मालकाचे जावई दातांचे डॉक्टर झाले होते आणि त्यांना नेमकी तीच जागा हवी होती. महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची असं ठरलं. हातात बावीस दिवस होते.

"माल घाऊकवाल्याला परत नाही देणार," बायको म्हणाली. "तो पोत्यात भरून नेईल. एकेक बटण मी निवडून आणलंय."

"मग घरी आणायचा?"

"कुठे ठेवणार? तुमच्या डोक्यावर?"

आमच्या दोन खोल्या आहेत आणि एका खोलीत तीन महिन्यांपासून दिवसभर मी असतो, हे ती बोलली नाही, पण तिनं त्या खोलीकडे बघितलं. मग मुकाट्यानं भांडी आवरायला लागली. दुकानाबद्दल ती फार बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते. तेवढ्यात तिनं मागे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "चपलावाल्याला सांगू का पाटी लिहायला? त्याची पाटी बरी चालते."

मी वर्तमानपत्राची घडी घातली. चौतीस वर्षं ज्यानं हेच काम केलं तो माणूस घरात बसलेला असताना बायको चपलावाल्याला पाटी लिहायला सांगणार! मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाटी मी लिहीन. महिनाअखेर दुकानात एक बटण उरलं तर मला विचार."

"विचारीन," ती म्हणाली.

सगळं रामायण त्या एका शब्दातून सुरू झालं.

पहिला मसुदा मी एका बैठकीत उतरवला. लेखणी हातात आली आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा बरं वाटलं. 'याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, या दुकानातील अतिरिक्त, मंदगतीने खपणारा व काही अंशी कालबाह्य माल जसा आहे, जेथे आहे या तत्त्वावर निकाली काढणे आहे. मालाच्या दर्जाबाबत दुकान कोणतीही हमी देत नाही. इच्छुकांनी आपले देकार बंद लिफाफ्यात सादर करावेत. कोणतेही कारण न देता कोणताही देकार नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे.' रंगाऱ्याकडून ते पांढऱ्या फळीवर काळ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि स्वतः शिडीवर चढून टांगलं.

बायकोनं खाली उभं राहून ते दोनदा वाचलं. "काही अंशी कालबाह्य म्हणजे काय हो? माझी बटणं?"

"अगं, ती पद्धत असते. माल आधी निरुपयोगी ठरवल्याशिवाय विकताच येत नाही."

"कुठे?"

"कुठेही."

इथे माझं चुकलं. पण ज्यानं चौतीस वर्षांत कधी चांगली वस्तू विकलीच नाही, त्याला चांगली वस्तू विकायची रीत माहीत कुठून असणार? आमच्या शाखेत एखाद्या कपाटाचं दार नीट लागत असेल तर आम्ही ते विकू शकत नसू. दार मोडेपर्यंत थांबावं लागे. बायकोच्या दुकानातली सगळी दारं नीट लागत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दोन दिवस लोक फळीखाली थांबले, वाचलं, आणि आत न येता निघून गेले. एक बाई मात्र आल्या. आठवड्यापूर्वी नेलेली लोकर परत द्यायला. "हमी नाही म्हणता ना," त्या म्हणाल्या आणि पिशवी टेबलावर ठेवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर टेम्पो थांबला. टेम्पोतून आमच्या कार्यालयाचा जुना भंगारवाला उतरला. हातात तराजू. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं फळी मोठ्यानं वाचली, अगदी शेवटच्या 'राखून ठेवण्यात येत आहे' पर्यंत, आणि मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"साहेब! वाटलंच मला! दुसऱ्या कुणाला असं लिहिता येतंय होय? 'काही अंशी कालबाह्य'! वा! नवीन साहेब लिहितात त्यात दमच नाही बघा."

माझे डोळे भरून यायचेच बाकी राहिले होते. माझ्या लिखाणाला हा पहिला वाचक भेटला होता. मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि त्याला स्टुलावर बसवलं. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "बोला, वजनावर द्यायचं ना? बटणं वेगळी, लोकर वेगळी."

बायकोच्या हातात कापड मोजायची लाकडी पट्टी होती. ती पट्टी तशीच धरून ती एक पाऊल पुढे आली. भंगारवाल्यानं आयुष्यात बरीच माणसं पाहिली असणार. तो तराजू उचलून टेम्पोत बसलासुद्धा. त्यानंतर तिनं शिडी आणली आणि फळी स्वतः उतरवली. सतरा दिवस राहिले होते आणि समोरच्या दुकानात लोक एकमेकांच्या पायावर पाय देत चपला घालून बघत होते.

आता मी चिडलो होतो. म्हटलं, लोकांना बाजारी भाषाच हवी असेल तर बाजारी भाषा. संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. त्यांनी तीस वर्षं मुलांना भाषा शिकवली आहे. बायकोच्या दुकानाशेजारचा शिंपीही आला, त्याला आपल्या दोऱ्यांची काळजी होती. आम्ही तिघं शब्द शोधायला बसलो.

"मातीमोल," मी सुचवलं.

"माती म्हटलं की लोकर मळलेली वाटते," मास्तर म्हणाले.

"कवडीमोल?"

"कवडी कुणी पाहिलीय आता?" शिंपी म्हणाला. "पोरं म्हणतील ही कवडी कुठल्या दुकानात मिळते."

"पाण्याच्या भावात."

मास्तरांना जेवायला बोलवायला आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "नळाच्या की टँकरच्या?" त्या महिन्यात आमच्या इमारतीत टँकर येत होता, त्यामुळे तोही शब्द बाद झाला. मग शिंप्यानं 'पडेल भावात' काढलं. त्याला मी स्वतः विरोध केला. निवृत्त माणसाला 'पडेल' हा शब्द घरात नको असतो. मास्तरांनी मग 'उधळण' आणि 'खिरापत' असे दोन शब्द दिले आणि दोन्हींच्या व्युत्पत्तीवर बराच वेळ बोलले. निर्णय न झाल्यामुळे शेवटी मी सगळेच शब्द घेतले.

पण कापड किती मोठं घ्यायचं? चपलावाल्याच्या कापडापेक्षा माझं कापड वीतभर तरी मोठं हवं होतं. दुपारी तो जेवायला गेला असेल असा हिशेब करून मी बायकोची मोजपट्टी घेऊन रस्ता ओलांडला आणि त्याचं कापड मापायला लागलो. लांबी झाली. रुंदीसाठी वर हात केला तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, काही हरवलंय का?"

"नाही. कापड बघत होतो. चांगलं आहे."

"कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. माझं नाव सांगा, कमी करतील," तो म्हणाला, आणि मला बसायला खुर्ची दिली. हा माणूस वर चांगलाही होता, हे मला फारच लागलं.

दुसऱ्या दिवशी माझं कापड लागलं. त्याच्यापेक्षा वीतभर मोठं. 'मातीमोल! कवडीमोल! उधळण! पन्नास टक्के सूट!' दोन-चार बायका आत आल्या, दोन रिळं गेली. मी समोर बघितलं. त्याच संध्याकाळी त्याच्या काचेवर कागद चिकटला: 'साठ टक्के.'

सकाळी मी माझ्या पन्नासावर सत्तर चिकटवले. दुपारी त्याचे पंचाहत्तर झाले. मी ऐंशी केले. तो म्हणाला, एकावर एक जोड फुकट. मी नव्वद केले.

"अहो, तो चपला विकतो," बायको म्हणाली. "मी बटणं विकते. चप्पल स्वस्त मिळाली म्हणून कुणी बटण घ्यायचं सोडत नाही."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"नव्वद टक्क्यांनी मला दोऱ्याची किंमतसुद्धा सुटत नाही, हे कोणत्या तत्त्वात बसतं?"

खरं सांगायचं तर मी तिचं बोलणं नीट ऐकतच नव्हतो. मी समोर बघत होतो. त्यानं तिथे आता नवीन कापड लावलं होतं: 'मालक वेडा झाला!' आणि स्वतः मालक दारात उभा राहून प्रत्येकाला हसत नमस्कार करत होता. लोक त्याच्याकडे बघून हसत होते आणि आत जात होते. मी बायकोकडे वळून म्हणालो, "आपणही लिहू या का, मालकीण..." आणि तिचा चेहरा बघून वाक्य तिथेच सोडलं.

नव्वद टक्क्यांना लोक घाबरायला लागले होते. एका बाईनं लोकरीचा गुंडा हातात घेऊन नाकाला लावला आणि विचारलं, "आगीतून वाचलेली आहे का?" दुसरीनं शिंप्याला हळूच विचारलं, माल चोरीचा तर नाही. अठरा वर्षांत बायकोच्या दुकानाबद्दल असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शिंप्यानं तो प्रश्न इमानदारीनं आत येऊन आम्हाला सांगितला. बायको त्या दिवशी डबा न खाताच घरी आली.

एवढ्यात नगरपालिकेचा एक तपासनीस आला. रेनकोट घातलेला, काखेत पुस्तक. "बंद होण्याच्या नावानं विक्री करताय. परवानगी आहे?"

परवानगी लागते हे मला माहीत नव्हतं. ज्याच्या हाताखालून आयुष्यभर परवानग्या गेल्या त्याला हे माहीत नव्हतं! मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. दोन पानं, चार सहपत्रं, शेवटी पाच मुद्द्यांचा गोषवारा. घेऊन नगरपालिकेच्या खिडकीवर गेलो. खिडकीत एक चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी अर्ज उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं.

"दुकान बंद केल्याचा दाखला?"

"बंद अजून केलेलं नाही. बंद करायचं म्हणून तर माल विकतोय."

"बंद झाल्याचा दाखला असल्याशिवाय बंद होण्याच्या विक्रीची परवानगी नाही."

"आणि बंद झाल्याचा दाखला कधी मिळतो?"

"दुकानात माल नसला की."

 एक माजी कर्मचारी म्हणून त्या नियमाचं मला कौतुकच वाटलं. इतका घट्ट नियम आमच्या शाखेलाही कधी करता आला नव्हता. तरी मी म्हणालो, "मग आमच्या समोरचे चपलावाले? ते अकरा वर्षं बंद होतायत."

बाईंचा चेहरा एकदम फुलला. "ते होय! ते नियमित येतात हो. त्यांची पहिली परवानगी जुन्या नियमातली आहे, आम्ही फक्त मुदत वाढवतो. फार व्यवस्थित माणूस. अर्ज कसा, एका ओळीचा." त्यांनी माझी दोन पानं आणि चार सहपत्रं बोटांनी चाळली. "हे एवढं कुणी वाचायचं?"

"त्यांचा अर्ज बघता येईल?"

त्यांनी कागद खिडकीच्या काचेला लावला. 'दुकान अजून बंद झालेले नाही. कृपया मुदत वाढवावी.' मी तो तीन वेळा वाचला. कुठून एखादा शब्द काढता येतो का बघितलं. येत नव्हता. घालता तर त्याहून येत नव्हता. चौतीस वर्षांत मी असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं, आणि हे एका चपला विकणाऱ्यानं दर तीन दिवसांनी लिहिलं होतं. मी खिडकीपासून बाजूला झालो आणि बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. मला इतका मत्सर वाटत होता की उठवेना.

दुकानात परत आलो तेव्हा तपासनिसानं माझं कापड उतरवायला लावलं होतं. ते घडी करून कोपऱ्यात ठेवलं होतं. पाच दिवस राहिले होते. दोन रिळं आणि बाकीची किरकोळ विक्री सोडली, तर माल जसा होता तसा, जिथे होता तिथे होता.

"अगं, माझ्याच्यानं नाही झालं," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून निघायला बराच वेळ लागला.

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. लोकरीच्या खोक्याचं झाकण तिनं फाडलं, खाकी बाजू वर केली, आणि कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीनं लिहायला लागली. मी मागून बघत होतो. 'मी महिनाअखेर दुकान बंद करते आहे. कुणाचं काही अडलं असेल तर येऊन घेऊन जा.'

मला लगेच सात चुका दिसल्या. तारीख नाही. टक्के नाहीत. 'कुणाचं' म्हणजे नेमकं कुणाचं, 'काही' म्हणजे काय, कशाचाच पत्ता नाही. "यात सूट कुठे आहे?" मी विचारलं.

"नाहीये."

"मग लोक का येतील?"

"नाही आले तर नाही आले," ती म्हणाली आणि ते झाकण दाराच्या खिळ्याला अडकवलं.

पहिला आला तो तपासनीसच. पुस्तक उघडून पेन काढून उभा राहिला, झाकण वाचलं, पुन्हा वाचलं. "यात विक्री असं कुठे म्हटलेलं नाही," तो पुटपुटला. मग पुस्तक मिटलं आणि आत डोकं घातलं. "काकू, खरंच बंद करताय? म्हणजे... या रेनकोटाचं वरचं बटण दोन वर्षं नाहीये."

बायकोनं रेनकोटाकडे नुसतं बघितलं. "तपकिरी, दोन भोकांचं. बाजूनं जरा खोलगट," ती म्हणाली आणि तिसऱ्या कप्प्यातून काढून दिलं. तिथेच लावूनही दिलं. तपासनीस लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. मी खरं सांगतो, रांग. लोक कोट आणत होते, पडदे आणत होते, चेन अडकलेल्या पिशव्या आणत होते. एक बाई अर्धा विणलेला स्वेटर घेऊन आली. तो विणायला घेतला तेव्हा नातू दोन वर्षांचा होता, आता पाचचा झाला होता, आणि स्वेटर अजून काखेपर्यंतच आला होता. त्याच रंगाचे उरलेले पाचही गुंडे तिनं नेले. "आता तुम्ही नाहीत तर पूर्ण करायलाच हवा," ती म्हणाली. काही जणांचं काहीच अडलेलं नव्हतं. ते आत येऊन कपाटाकडे बघत, मग म्हणत, "बरं, डझनभर पांढरी द्या," आणि पूर्ण किंमत देऊन निघत. कुणीही किंमत कमी करा म्हटलं नाही. बायको प्रत्येकाला मान वर न करता तेच विचारायची, "बोला, तुमचं काय अडलंय?" आणि माणसं सांगत सुटायची. बटणाचं सांगता सांगता घराचं, मुलाच्या नोकरीचं, दुखणाऱ्या गुडघ्याचं. दोन गृहस्थांनी तर विचारलं, "आता आम्ही कुठे जायचं?"

मी कोपऱ्यात उभा राहून कागदी पिशव्या उघडून देत होतो. एका आजींनी मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी यांचे मिस्टर."

"हो का? मग जरा मोठी पिशवी द्या."

चपलावाल्याचा हेवा मी विसरून गेलो होतो, कारण आता मला बायकोचाच हेवा वाटायला लागला होता. माझ्या शेजारी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, एक बाई काहीतरी बंद करत होती आणि अख्खा रस्ता तिला विचारायला येत होता. तीन महिन्यांपूर्वी मीही एक गोष्ट बंद केली होती. त्या दिवशी शाखेतल्या माणसांनी मला एक घड्याळ दिलं, एकानं भाषण केलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं टेबल आवक-जावक विभागानं नेलं. चार महिन्यांपूर्वी मीच ते टेबल निरुपयोगी ठरवायचा प्रस्ताव फेटाळला होता. एकाही माणसाचं माझ्यावाचून अडलं नाही. मी घरी बसून रोज वाट बघत होतो की एखादा तरी फोन येईल, साहेब, ती अमुक फाईल कुठे आहे. फाईल सापडत असावी.

चौथ्या दिवशी दुपारी चपलावाला आला. रांगेत उभा राहून आला. त्याला काही नको होतं. लेसचा एक तुकडा हातात घेऊन तो उगाच उलटसुलट करत राहिला.

"वहिनी, अकरा वर्षं मी पाटी लावतोय," तो शेवटी म्हणाला. "दुकान बंद, दुकान बंद. गर्दी झाली, माल गेला, सगळं झालं. पण एकानंसुद्धा आत येऊन विचारलं नाही, का हो बंद करताय म्हणून."

बायकोनं हातातली सुई थांबवली. "का हो बंद करताय?"

"नाही हो करत," तो म्हणाला आणि हसायला लागला. मग हसू थांबलं, तरी तो तिथेच उभा होता. मी पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली, त्यानं लेसचा तुकडा तिच्यात टाकला, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून रांग बघत राहिलो. आमच्या दोघांच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती. हेवा करायला कुणी सोबतीला असलं की तो जरा सोपा जातो, हे मला तेव्हा समजलं. त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून राग उरला नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला दुकान रिकामं झालं. कप्प्यांतून नुसती धूळ आणि किमतीच्या चिठ्ठ्या. शिंप्यानं शेवटची सगळी रिळं एकदम नेली होती. दातांच्या डॉक्टरांचा माणूस बाहेर जागा मोजून गेला. मी शिडी परत ठेवली, खिळ्यावरून खोक्याचं झाकण काढलं आणि ते हातात घेऊन टेबलासमोर येऊन उभा राहिलो. बायको पाठमोरी वाकून शेवटचा कप्पा पुसत होती. पावलांचा आवाज ऐकून ती मान न वळवता, त्या चार दिवसांच्या सवयीनं म्हणाली, "बोला, तुमचं काय अडलंय?"

'अगं, मी आहे' म्हणायला हवं होतं. पण तो प्रश्न मी चार दिवस दुसऱ्यांना विचारलेला ऐकत होतो, आणि तो आता माझ्याकडे आला होता.

"मी तीन महिन्यांपूर्वी बंद झालो," मी म्हणालो. "कुणी काही न्यायला आलंच नाही."

तिचा हात थांबला. ती हळूच वळली आणि माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या झाकणाकडे बघितलं.

"कुणाला सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं की. मी स्वतः परिपत्रक काढलं होतं. दोन पानी. चौदा शाखांना प्रती पाठवल्या होत्या."

"मला नाही मिळाली प्रत," ती म्हणाली, आणि फडकं खाली ठेवून तिनं स्टूल माझ्याकडे सरकवलं.